समाजमाध्यमांद्वारे गावच्या मालाची विक्री

यवतमाळ जिल्हा हा प्रामुख्याने कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारा जिल्हा होय. पुसद, उमरखेड व महागाव या तालुक्यांत हळदीचे पीकही घेतले जाते. जिल्ह्याच्या वनभागात मोहफूल, चारोळी व मध मिळतो. निसर्गाने व शेतकऱ्यांच्या कष्टाने जिल्ह्याला इतके दिले असले, तरी येथील बहुतेक माल कच्च्या स्वरूपातच जिल्ह्याबाहेर जातो, ही गोष्ट नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी जी अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली व जी पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली गेली, तिचा मुख्य हेतू येथील कापूस बाहेर नेणे हाच होता. कापूस गेला व कापड परत आले. तुरीचेही तसेच झाले. जानेवारीत बाजार समितीत तूर विकणारा शेतकरी श्रावणात किराणा दुकानातून डाळ विकत घेतो, आणि या दोन व्यवहारांमधील भावाचा फरक त्याच्या घरी कधीच येत नाही.

हा फरक काही अंशी तरी गावात राहावा, म्हणून गेल्या काही वर्षांत अनेक महिला बचत गटांनी व शेतकरी गटांनी डाळ, हळद पूड, लाल तिखट, पापड, कुरडया, सांडगी मिरची, लोणची व जवसाची चटणी असे पदार्थ तयार करण्यास प्रारंभ केला आहे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ व २०११ साली सुरू झालेले ‘उमेद’ अभियान यांनी गटांची बांधणी व प्रशिक्षण यांस मोठा हातभार लावला आहे. माल तयार करणे पुष्कळांना साधले. परंतु तो विकावा कोठे, हा प्रश्न मात्र राहिला. या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून आज समाजमाध्यमांकडे पाहिले जाते. ते उत्तर कितपत खरे आहे व त्याचा उपयोग कसा करून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समाजमाध्यम म्हणजे काय?

पूर्वी गावात कोणतीही वार्ता सर्वांना कळवावयाची असल्यास दवंडी पिटली जाई. आठवडी बाजारात माल मांडून बसलेली स्त्री आपला माल हातात घेऊन दाखवी, भाव सांगे आणि गिऱ्हाईक पुन्हा आले म्हणजे त्याची ओळख ठेवी. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम व यूट्यूब ही समाजमाध्यमे या दोन्ही गोष्टी मोबाइलवर करतात. ती वार्ता दूरवर पोहोचवितात आणि ग्राहकाशी ओळख ठेवण्याची सोय करून देतात. त्यापलीकडे त्यांच्यात काही जादू नाही. मालाचा दर्जा मोबाइलमुळे सुधारत नाही, वजन पुरे होत नाही आणि भाव आपोआप वाढत नाही.

या माध्यमांचे उपयोग भिन्न आहेत. व्हॉट्सॲप हे ओळखीच्या माणसांशी बोलण्याचे साधन आहे व लहान गटास तेच सर्वांत उपयुक्त ठरते. २०१८ साली लहान व्यावसायिकांसाठी त्याचा ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हा स्वतंत्र प्रकार भारतात उपलब्ध झाला. त्यात गटाचे नाव, पत्ता व वेळ नोंदविता येते आणि मालाची छायाचित्रे व भाव यांची यादी कायम ठेवता येते. फेसबुक व इन्स्टाग्राम ही अनोळखी माणसांपर्यंत पोहोचण्याची साधने आहेत. यूट्यूबवर माल कसा तयार होतो हे चलचित्राने दाखविता येते. प्रारंभी चारही माध्यमांच्या मागे लागल्यास एकही नीट सांभाळले जात नाही. म्हणून प्रथम एकाच माध्यमावर काम सुरू करावे व त्यात हात बसल्यावरच दुसरे घ्यावे.

आजवरचा अनुभव

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना या साधनाचे सामर्थ्य प्रथम विक्रीत नव्हे, संघटनेत दिसून आले. २०१२ साली हळदीचे भाव कोसळले असता सांगली भागातील हळद उत्पादकांनी फेसबुकवरून ठिकठिकाणच्या उत्पादकांशी संपर्क साधला व पडत्या भावाने माल लिलावात न आणण्याचे आवाहन केले. या घटनेची वृत्तपत्रांनीही दखल घेतली. एका गावचा शेतकरी दुसऱ्या जिल्ह्यातील, किंबहुना दुसऱ्या राज्यातील शेतकऱ्याशी घरबसल्या बोलू शकतो, ही गोष्ट त्यामुळे अनेकांच्या ध्यानी आली.

विक्रीच्या दृष्टीने मोठा प्रसंग २०२० साली आला. त्या वर्षी मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागू झाली, आठवडी बाजार बंद झाले व अनेक बाजार समित्यांचे व्यवहार थांबले. त्या काळात राज्यातील कित्येक शेतकरी गटांनी शहरांतील गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून मागणी घेऊन भाजीपाला, फळे व धान्य थेट ग्राहकांच्या दारी पोहोचविले. कृषी खात्यानेही या थेट विक्रीस साहाय्य केले. ग्राहकाला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्या वेळी माल खपला. बाजार पुन्हा सुरू झाल्यावर ग्राहकापुढे निवड करण्यास वाव राहिला. दुकानात मिळणाऱ्या डाळीहून गटाची डाळ काही विशेष वाटली, तरच तो पुन्हा मागवितो. यावरून बोध घ्यावयाचा तो असा की, पहिली विक्री मोबाइल करून देतो. दुसरी विक्री मात्र मालच करतो. लहान गटाचा धंदा दुसऱ्या व तिसऱ्या विक्रीवर चालतो.

आधी माल, मग जाहिरात

जाहिरात करण्यापूर्वी माल एकसारखा निघतो की नाही हे पाहावे. तुरीची डाळ करण्यासाठी अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल विदर्भात अनेक गटांनी वापरात आणली आहे. तूर चाळून, खडे काढून, योग्य रीतीने वाळवून घेतल्यास अशा यंत्रावर शंभर किलो तुरीपासून सुमारे सत्तर किंवा त्याहून थोडी अधिक डाळ मिळते. उरलेली चुनी व टरफले जनावरांच्या खाद्यास उपयोगी पडतात. परंतु एका वेळी डाळ स्वच्छ व दुसऱ्या वेळी कणी मिसळलेली, असे झाल्यास ग्राहक टिकत नाही. हळदीचेही तेच आहे. नीट न वाळलेल्या हळकुंडांची पूड पावसाळ्यात गोळा होते व उन्हात ठेवलेल्या पारदर्शक पिशवीत तिचा रंग उडतो.

खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येक गटाने अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घेणे आवश्यक आहे. व्यवसाय घरगुती असला तरी यातून सूट मिळते असे समजू नये. नोंदणीनंतर मिळणारा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याशिवाय पाकिटावर पुढील मजकूर असावा :

१. पदार्थाचे नाव व त्यात वापरलेले घटक.
२. निव्वळ वजन.
३. गटाचे नाव व पूर्ण पत्ता.
४. तयार केल्याचा किंवा पाकीटबंद केल्याचा दिनांक, बॅच क्रमांक आणि पदार्थ केव्हापर्यंत वापरावा तो दिनांक.
५. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत.
६. शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह.
७. तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक.

वजनकाटा वैधमापन विभागाकडून पडताळून घेतलेला असावा व पाकीटबंद मालासाठी लागणाऱ्या नोंदणीची चौकशी त्याच कार्यालयात करावी. ‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्र असल्याखेरीज वापरू नये. अमुक पदार्थाने मधुमेह बरा होतो किंवा सांधेदुखी जाते, असा मजकूर पाकिटावर वा मोबाइलवरील संदेशात कदापि लिहू नये. असे दावे कायद्याने निषिद्ध आहेत. शिवाय ज्या ग्राहकाने त्यावर विश्वासून औषध बंद केले, त्याच्या जिवाची जबाबदारी नैतिकदृष्ट्या गटावर येते.

हिशेब

समाजमाध्यमावर जाहिरात फुकट होते, म्हणून सर्वच विक्री फायद्याची ठरते असे नाही. भाव ठरविण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. तो कसा मांडावा हे दाखविण्यासाठी येथे एक काल्पनिक उदाहरण दिले आहे. यातील आकडे केवळ समजण्यापुरते असून प्रत्येक गटाने आपापले चालू आकडे घ्यावेत.

एक क्विंटल तुरीची बाजारातील किंमत : ७,००० रु.
डाळ भरडण्याचा खर्च : ६०० रु.
सत्तर पिशव्या व लेबले : ३५० रु.
प्रवास, मोबाइल व किरकोळ खर्च : ३०० रु.
एकूण खर्च : ८,२५० रु.

सत्तर किलो डाळीपैकी दोन किलो नमुने व फुटलेल्या पिशव्या यांत गेली असे धरल्यास विकावयास ६८ किलो उरते. म्हणजे एक किलो डाळीची मूळ किंमत सुमारे १२१ रु. पडली. अशा वेळी दुकानातील भाव पाहून गटाने १२० रु. किलोने डाळ विकली, तर ८,१६० रु. हाती येतील व ९० रु. तोटा होईल. गावात सर्व जण म्हणतील की माल हातोहात खपला; परंतु जितका माल अधिक खपेल तितका तोटा वाढेल. तीच डाळ १४० रु. किलोने विकल्यास ९,५२० रु. मिळून १,२७० रु. उरतील. चुनीचे उत्पन्न वेगळे.

हे १,२७० रु. म्हणजे निव्वळ नफा असेही मानू नये. तूर निवडणे, वाळविणे, पाकिटे भरणे, चिठ्ठ्या लिहिणे व ग्राहकांना उत्तरे देणे यांत पाच बायकांचा एकेक दिवस गेला असेल, तर प्रत्येकीच्या वाट्यास २५४ रु. मजुरी आली. शेतातील रोजापेक्षा ही कमी असल्यास भावाचा पुन्हा विचार केला पाहिजे. घरच्या स्त्रीची मजुरी हिशेबात न धरण्याची जी रीत आपल्याकडे आहे, तिच्यामुळे पुष्कळ गृहउद्योग वरवर नफ्यात दिसतात व दोन वर्षांत बंद पडतात.

पहिले ग्राहक कोठे शोधावे?

अनोळखी माणसाला माल विकण्याचा यत्न सर्वांत अवघड आहे. म्हणून आरंभ ओळखीच्यांपासून करावा. गावातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी नागपूर, अमरावती, पुणे, मुंबई येथे गेलेली कुटुंबे प्रत्येक गावास असतात. सासरी गेलेल्या लेकी असतात. गावची डाळ व गावचे तिखट यांची चव त्यांना ठाऊक असते व गटातील स्त्रियांवर त्यांचा विश्वास असतो. गटाच्या प्रत्येक सभासदाने अशी दहा नावे दिली, तरी दहा सभासदांची शंभर नावे होतात. लहान गटाला पहिल्या हंगामासाठी एवढे ग्राहक पुरेसे आहेत.

दुसरे ग्राहक प्रदर्शनांत मिळतात. मुंबईस भरणारे महालक्ष्मी सरस प्रदर्शन, जिल्ह्यातील कृषी महोत्सव व तालुक्याच्या यात्रा यांत गट माल घेऊन जातात, तीन-चार दिवस विक्री होते व गट परत येतात. माल घेतलेल्या माणसाचे नाव व क्रमांक मात्र लिहून घेतला जात नाही. हे मोठे नुकसान आहे. प्रदर्शनाच्या टेबलावर एक वही ठेवावी, ग्राहकाची संमती घेऊन त्यात नाव, गाव व मोबाइल क्रमांक नोंदवावा आणि गटाचा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये तेथेच साठवून घेण्यास विनंती करावी.

या शेवटच्या गोष्टीस विशेष कारण आहे. व्हॉट्सॲपवर एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठविण्यासाठी ‘ब्रॉडकास्ट’ यादी करता येते. परंतु ज्यांनी पाठविणाऱ्याचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये साठविला आहे, त्यांनाच तो संदेश पोहोचतो. संदेश पाठवूनही कोणी उत्तर देत नाही, अशी तक्रार करणाऱ्या गटांनी प्रथम ही गोष्ट तपासावी. ग्राहकांना न विचारता एखाद्या समूहात सामील करून घेऊ नये. तेथे सर्वांचे क्रमांक एकमेकांस दिसतात व ते अनेकांना रुचत नाही.

संदेश व छायाचित्र

‘शुद्ध, उत्तम, सर्वोत्कृष्ट, एकदा घ्याल तर पुन्हा पुन्हा घ्याल’ असा संदेश रोज शेकडो माणसे पाठवितात, म्हणून तो कोणी वाचत नाही. ग्राहकाला माहिती हवी असते. समजा, दारव्हा तालुक्यातील एखाद्या गटाची डाळ तयार झाली आहे. त्याने पुढीलप्रमाणे लिहावे :

“नवी तूर डाळ तयार आहे. तूर आमच्याच गावच्या शेतातील, जानेवारीत काढलेली. डाळ फेब्रुवारीत मिनी डाळ मिलवर केलेली, पॉलिश न केलेली. १ किलो १४० रु., ५ किलो ६९० रु. पाठविण्याचा खर्च वेगळा. मागणी शनिवारपर्यंत कळवावी. माल सोमवारी रवाना होईल.”

या संदेशात एकही विशेषण नाही, तरी ग्राहकास जे जे विचारावेसे वाटते त्याचे उत्तर त्यात आहे. माल कोठला, केव्हाचा, कसा केलेला, किती किमतीचा व केव्हा मिळेल या पाच गोष्टी प्रत्येक संदेशात असाव्यात.

छायाचित्र सकाळच्या उजेडात, अंगणात वा पडवीत, साध्या एकरंगी कापडावर माल ठेवून घ्यावे. रंग गडद करणाऱ्या युक्त्या वापरू नयेत. छायाचित्रातील हळद केशरी व पाकिटातील हळद फिकी निघाली, तर ग्राहक दुसऱ्यांदा मागविणार नाही व फसल्याची हकीकत दहा जणांना सांगेल. इंटरनेटवरील दुसऱ्याच्या मालाचे छायाचित्र उचलून लावणे तर सर्वस्वी त्याज्य होय. काम करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्येकीची संमती घ्यावी. एखादीने नकार दिल्यास तिला आग्रह करू नये. केवळ काम करणारे हात दाखविले तरी हेतू साध्य होतो.

हंगामाप्रमाणे प्रचार

माल तयार झाल्यावर जागे होऊन संदेश पाठविण्यापेक्षा वर्षभर ग्राहकास पिकाची वार्ता देत राहणे हितावह ठरते. शहरात राहणाऱ्या माणसास तूर फुलावर केव्हा येते हे पाहावयास मिळत नाही. फुललेल्या तुरीचे एक छायाचित्र, डिसेंबर-जानेवारीत कापणीचे एक, नंतर खळ्यावरचे व पुढे डाळ मिलचे एक, अशी चार छायाचित्रे पाठविली म्हणजे मार्चमध्ये मागणी घेताना ग्राहक आधीच तयार असतो. विदर्भातील अनेक घरांत उन्हाळ्यात वर्षभराची डाळ, तिखट व हळद भरून ठेवण्याची रीत आजही आहे. त्यामुळे मार्च ते मे हा मागणीचा मुख्य काळ समजावा. पावसाळ्यात मात्र ओलाव्यामुळे माल खराब होण्याचे भय असल्याने नवी मागणी बेताने घ्यावी. महिन्यातून दोन-तीन संदेश पुरे होतात. रोज सकाळी सुविचार व शुभेच्छा पाठविणाऱ्या क्रमांकाचे संदेश लोक न उघडताच काढून टाकतात व त्यात मालाचा संदेशही जातो.

पाठवणी, पैसे व तक्रार

माल जितका हलका व मौल्यवान, तितका तो दूर पाठविणे परवडते. अर्धा किलो हळद पूड टपालाने पुण्यास पाठविता येईल. पाच किलो डाळीचा पाठवणीखर्च मात्र डाळीच्या नफ्याहून अधिक होऊ शकतो. म्हणून जड मालासाठी यवतमाळ, वणी, पुसद, अमरावती, नागपूर अशी जवळची शहरे निवडावीत व पुष्कळ मागण्या एकत्र करून एकदम माल न्यावा. टपाल कार्यालय, एस. टी.ची पार्सल सेवा व खासगी कुरिअर या तिन्हींचे दर विचारून मगच भाव कळवावा.

पैसे घेण्यासाठी बँक खाते गटाच्या नावे असावे व २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीचा क्यूआर कोड त्याच खात्याशी जोडावा. पुष्कळ ठिकाणी मोबाइल सभासदाच्या मुलाचा व खाते पतीचे असते. आरंभी सोय म्हणून हे चालते. पुढे पैसा कोणाचा यावरून कलह होतात व ग्राहकांची यादीही त्या मोबाइलबरोबर निघून जाते. गटाच्या पैशातून वेगळे सिमकार्ड घ्यावे, त्याची नोंद गटाच्या ठरावात करावी आणि ग्राहकांची यादी वहीतही उतरवून ठेवावी.

तक्रार आल्यास ती लपवू नये. डाळीत खडा निघाला असे ग्राहकाने कळविले, तर त्याच दिवशी उत्तर द्यावे, क्षमा मागावी व माल बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत. पाकिटावर बॅच क्रमांक असल्यास त्या दिवशी केलेला उरलेला माल तपासता येतो. मागणी अधिक आली म्हणून बाजारातील डाळ आणून गटाच्या पाकिटात भरण्याचा मोह होतो. त्यास बळी पडणाऱ्या गटाने आपल्याच गावच्या नावावर पाणी सोडले असे समजावे. माल संपला असल्यास ‘माल संपला, पुढील हंगामात मिळेल’ असे कळवावे. त्याने ग्राहकाचा विश्वास वाढतोच.

फसवणुकीपासून सावधगिरी

मोबाइलवर जसा ग्राहक येतो, तसा ठकही येतो. त्याच्या काही ठराविक रीती आहेत. मोठी मागणी नोंदविणारा इसम आपण सैन्यातील अधिकारी असल्याचे सांगतो, पैसे आगाऊ देतो म्हणून क्यूआर कोड पाठवितो व तो स्कॅन करून पिन टाकण्यास सांगतो. कोणी चुकून अधिक पैसे पाठविल्याचा खोटा संदेश दाखवून फरक परत मागतो. कोणी लग्नपत्रिका वा सरकारी योजना अशा नावाने मोबाइलमध्ये उतरवून घेण्याची फाइल पाठवितो व तिच्याद्वारे मोबाइलचा ताबा घेतो.

यावर तीन नियम पाळावेत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही; पिन मागितला म्हणजे पैसे जाणार असे समजावे. माल रवाना करण्यापूर्वी ग्राहकाने पाठविलेल्या छायाचित्रावर विसंबू नये, खात्यात रक्कम जमा झाल्याचे स्वतः पाहावे. ओटीपी कोणासही, बँकेचा माणूस म्हणविणाऱ्यासही, सांगू नये. एवढे करूनही फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर कळवावे व बँकेसही सांगावे. जितका विलंब कमी, तितकी रक्कम थोपविली जाण्याची शक्यता अधिक असते.

ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य

या कामी गाव पातळीवरील कार्यकर्त्यांची भूमिका महत्त्वाची आहे. एक दिवसाचे शिबिर घेऊन सर्वांच्या मोबाइलमध्ये ॲप उतरवून दिले म्हणजे काम संपले, असे मानू नये. प्रथम गटाचा माल चाखून व तोलून पाहावा. अन्नसुरक्षा नोंदणीचा अर्ज भरण्यास व लेबलाचा मजकूर तपासण्यास साहाय्य करावे. गटातील वाचता-लिहिता येणाऱ्या दोन स्त्रियांना मोबाइलचे काम शिकवावे. एकीलाच शिकविल्यास ती आजारी पडली वा परगावी गेली की व्यवहार थांबतो. पहिल्या पन्नास मागण्या होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी वही पाहावी व किती ग्राहकांनी पुन्हा माल मागविला हे मोजावे. छायाचित्रास किती जणांनी पसंतीची खूण केली यापेक्षा हा आकडा कितीतरी अधिक खरा आहे. शंभरांपैकी तीस-चाळीस ग्राहक परत येत असतील, तर गटाने पुढील वर्षी थोडा अधिक माल करावा. परत येणारे अगदीच थोडे असतील, तर जाहिरात वाढविण्याऐवजी माल, भाव व पाठवणी यांत दोष कोठे आहे तो शोधावा.

झरी जामणी, मारेगाव व केळापूर या तालुक्यांतील दुर्गम पोडांवर अनेक ठिकाणी मोबाइलची लहर नीट मिळत नाही. तेथील गटांनी माल तयार करावा व तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामसंघाने वा शेतकरी उत्पादक कंपनीने मागणी घेण्याचे काम सांभाळावे, अशी विभागणी हितकर ठरेल. मात्र माल कोणी केला ते नाव पाकिटावर राहिले पाहिजे व हिशेब त्या गटास दर महिन्यास मिळाला पाहिजे.

सारांश, सर्वच तूर मोबाइलवरून डाळ होऊन विकली जाईल, असे कोणी समजू नये. बाजार समिती, शासकीय खरेदी व व्यापारी यांच्याकडे बहुतांश माल जाणारच. तथापि एखाद्या गावातील पन्नास कुटुंबांनी आपल्या तुरीतील दोन-दोन क्विंटल जरी राखून ठेवली व नीट हिशेब करून डाळ विकली, तर श्रावणात दुकानात डाळ घेण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही आणि चार पैसे स्त्रियांच्या हाती स्वतंत्रपणे येतील. येत्या हंगामात काम सुरू करू इच्छिणाऱ्या गटाने आज एकच गोष्ट करावी : एक वही घ्यावी व तिच्या पहिल्या पानावर आपल्या मालाची खरी किंमत आणि दुसऱ्या पानावर विश्वासातल्या दहा ग्राहकांची नावे लिहावीत. मोबाइल त्यानंतर हाती घ्यावा.